आज काय कापलं?

आमच्या पक्षाचं म्हणणं एकच: सरकारने लोकांच्या मध्ये मध्ये करू नये, कर कमी घ्यावा, खर्च त्याहून कमी करावा. शाखेचा नियमही तसाच. नवा खर्च सुचवायचा असेल तर आधी एखादा जुना कापून दाखवायचा. नियम माझ्या आईचा. शाखा तिनेच काढली, जन्मभर चालवली. ती अंथरुणाला खिळली आणि अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं.

रविवारी सकाळच्या बैठकीत पुतणी, म्हणजे यंदाची आमची उमेदवार, म्हणाली, "काका, बस फुकट करू या. नाहीतर डिपॉझिट जप्त झालंच समजा."

"कर की! कापतेस काय?"

"सलूनवाल्यांची वीजबिलातली सूट."

सलूनवाला ताडकन उठला. "माझ्याच पोटावर पाय? या औषधवाल्याचं निम्मं भाडं सरकार भरतं, ते कापा!"

"वा रे वा! मग मी दुकानाला कुलूप लावू?" औषधवाला ओरडला.

तासभर हेच. सरकार लहान हवं सगळ्यांना, फक्त आपल्या दारातलं सोडून! माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटला. "अरे, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा! सगळंच फुकट हवं तर समोरच्या पक्षात जा ना. इथे कशाला खुर्च्या झिजवता?"

औषधवाला शांतपणे म्हणाला, "मग घरोघरी जाणाऱ्या सरकारी नर्स बंद करू या. चालेल, अध्यक्ष?"

माझ्या आईला रोज आंघोळ कोण घालतं, हे खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं. मी टेबलावरचा हात काढून घेतला.

शेवटी पुतणी म्हणाली, "त्यापेक्षा तो नियमच कापू या."

पटापट हात वर झाले. इतकं एकमत शाखेने कधी पाहिलं नव्हतं. माझाही हात वर होता.

घरी आलो तर नर्स आईचे केस विंचरत होती. आईने नेहमीसारखं विचारलं, "काय रे, आज काय कापलं?"

थाप मारायची होती, जमली नाही. "तुझा नियम."

"का?"

मी नर्सकडे पाहिलं. आईला तेवढं पुरलं.

"बावळट कुठला! हिचं येणं बंद करायचं होतंस."

"आणि तुला आंघोळ कोण घालणार?" मी खेकसलो. "मी?"

"हो, तूच. मी नाही घातली तुला?"

नर्सचा हात थांबला. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

"उद्या वेळेवर या," मी नर्सला म्हणालो.