हात कुठं मोडला?

ओतकामाच्या कारखान्यात, वाळूचे गाभे बनवायच्या कोअर शॉपमध्ये, वाळू भरायच्या लोखंडी पेट्या दोघींनी मिळून उचलायच्या असत. मेहमुदा आणि शालूबाईंची जोडी होती. शालूबाई जुन्या, हाडानं दणकट. मेहमुदाला या कारखान्यात त्यांनीच लावलं होतं. दोघी एकाच गल्लीतल्या, एकाच वडापच्या जीपनं गोकुळ शिरगावला कामावर यायच्या.

पेटीचं झाकण वर अडकवायची खिट्टी तुटली होती, म्हणून बायकांनी तिथं तारेचा वेढा दिला होता. त्या दिवशी दुपारी तार सुटली आणि झाकण मेहमुदाच्या उजव्या मनगटावर आदळलं. ती ओरडलीसुद्धा नाही, मटकन खालीच बसली.

सुपरवायझर अमरसिंह धावत आला. त्यानं स्वतःच्या गाडीत घालून तिला एका खासगी दवाखान्यात नेलं. माणूस वाईट नव्हता. वाटेत दोनदा गाडी थांबवून त्यानं तिला पाणी पाजलं. आणि मग समोर रस्त्याकडं बघतच म्हणाला,

"मेहमुदा, डॉक्टरला घरात पडलो म्हणून सांग. कारखान्यात लागलं म्हटलं की रिपोर्ट जातोय, तपासणी येती, शॉपला टाळं पडतंय. एवढ्या बायकांनी कुटं जायचं?"

"आणि माझा पगार, साहेब?"

"आजारपणाचा मिळतोय की ईएसआयमधनं! घरात पडलं काय आणि कारखान्यात पडलं काय, आजारी ते आजारी."

हात ठणकत होता. मेहमुदानं मान डोलावली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं मोरीत पाय घसरल्याचं सांगितलं. नवऱ्याला, इलाहीला, मात्र तिनं खरं सांगितलं. तो गॅरेजमध्ये कामाला होता. "साहेब चांगला हाय, म्हणतोय म्हंजे मिळंल," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात दोघं ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, कार्यालयात गेले. खिडकीपलीकडं अर्ज बघणाऱ्या अनुजा मॅडम बसल्या होत्या. त्यांनी संगणकात बघितलं, पुन्हा बघितलं.

"नोकरीला कधी लागलात?"

"दिवाळी झाल्यावर."

"मग आजारपणाचा पगार तुम्हाला बसत नाही, ताई. त्यासाठी आधीच्या सहामाहीत तुमच्या नावावर पुरेशी वर्गणी भरलेली लागते. तुमची नोकरीच नवीन आहे. औषधपाणी मिळेल."

मेहमुदाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "पण कापून घेतायत की पगारातनं!"

"घेतात. पण नियम तसा आहे. कामावर असताना इजा झाली असती तर गोष्ट वेगळी. तिथं नोकरी एक दिवसाची असली तरी चालते." मॅडमनी तिच्या प्लास्टरकडं बघितलं. "हात कुठं मोडला?"

मागं माणसं उभी होती. इलाहीनं तिच्याकडं बघितलं. मेहमुदाच्या ओठावर आलं होतं, पण अमरसिंहाचा चेहरा आठवला आणि "मोरीत" हाच शब्द बाहेर पडला.

घरी आल्यावर ती चुलीपुढं नुसती बसून राहिली. डाव्या हातानं भाकरी थापता येत नव्हती, केस विंचरता येत नव्हते. प्लास्टरबाहेरची बोटं सुजून निळी पडलेली. डॉक्टर म्हणाले होते, दोन बोटं पूर्ण वळतील याची खात्री नाही. बोटं वळली नाहीत तर पेटी कशी उचलणार, आणि आपण मोरीत पडलोच नव्हतो हे आता कोण मानणार?

खरं काय ते तुम्हीच सांगा, असं म्हणायला ती कारखान्याच्या गेटवर गेली. अमरसिंह बाहेर आला, पण तिच्या नजरेला नजर देईना.

"आता कसं फिरवायचं, सांग? तूच डॉक्टरला सांगितलंस. मला तरी कुटं ठाव होतं त्यो नियम? माझी बी नोकरी हाय, मेहमुदा."

रविवारी ती शालूबाईंकडं गेली. आत कॉटवर त्यांचा नवरा पडून होता. अंगावरनं वारं गेल्यापासून त्याचं सगळं शालूबाईच करायच्या. त्या भांडी घासत होत्या.

"मावशी, मी खरं सांगणार हाय. तुमी बघितलंयसा. कुणी विचारलं तर सांगशीला?"

शालूबाईंनी पातेलं पालथं घातलं. "मी न्हाय बघितलं."

"मावशी!"

"न्हाय म्हटलं की! मी ठेकेदाराकडची बाई, कायम न्हाय. उद्या त्यो येऊ नगंस म्हणाला तर ह्यास्नी काय घालू? जा बघू तू."

मेहमुदा रडत घरी आली. मनगटापेक्षा ते बोलणं जास्त लागलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी एकटीच अनुजा मॅडमसमोर जाऊन उभी राहिली.

"मी खोटं बोललो, मॅडम. हात कारखान्यात मोडला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आता चौकशी होईल. आधी खोटं का बोललात, हेही विचारतील. कुणी बघितलंय?"

"बघितलंय," मेहमुदा म्हणाली. "पण ती सांगंल का न्हाय, म्हाईत न्हाय."

चौकशीचे अधिकारी आले त्या दिवशी मेहमुदालाही बोलावलं होतं. शॉपमध्ये मशीन बंद करून बायका भिंतीला उभ्या राहिल्या. अधिकाऱ्यांनी एकेकीला विचारलं. कुणी पदराशी चाळा करत होती, कुणी वाळूकडं बघत होती. कुणालाच काही ठाऊक नव्हतं. अमरसिंह घाम पुसत होता.

"तिच्यासोबत पेटी कोण उचलायचं?"

शालूबाई पुढं आल्या. मेहमुदानं डोळे मिटून घेतले.

"मी," शालूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा निघाला. "माझ्यासमोर मोडला हात. खिट्टी तुटलीती. मी सांगितलंतं अमरसिंहाला, त्यानं वर सांगितलंतं. बसवली कुणी न्हाय. एवढंच हाय बघा."

अमरसिंहानं मान खाली घातली. नाही म्हणाला नाही.

पुढं कागद हलले, मेहमुदाचा पगार मंजूर झाला. शॉपमधल्या सगळ्या पेट्यांना नव्या खिट्ट्या बसल्या. आणि महिना संपला तसं ठेकेदारानं शालूबाईंना सांगितलं, आता काम कमी आहे, बोलावलं की या. बोलावणं काही आलं नाही. त्या एका मंगल कार्यालयात भांडी घासायला जाऊ लागल्या.

मेहमुदा पुन्हा अनुजा मॅडमकडं गेली. "शालूमावशींचं कायतरी करा. माझ्यापायी काम गेलं त्यांचं."

"त्यांना काही लागलंय का?"

"न्हाय."

"आजारी आहेत?"

"न्हाय."

"मग माझ्याकडं त्यांच्यासाठी नियम नाही, ताई. काम गेल्याची तक्रार कामगार कार्यालयात करता येते. पण ठेक्याचं काम होतं, वेळ लागेल. पत्ता देते."

तो पत्ता घेऊन मेहमुदा शालूबाईंकडं गेली. इलाहीनं बांधून दिलेला डबाही नेला. प्लास्टर निघालं होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्धंच मिटत होतं. शालूबाई नवऱ्याला पेज भरवत होत्या. त्यांनी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पत्ता ऐकून घेतला आणि "बघू" म्हणाल्या.

"मावशी, तुमी माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी न्हाय." शालूबाईंनी चमचा वाटीत आपटला. "त्यो अधिकारी इच्यारत हुता, मला खोटं बोलायला जमंना, झालं. आता रोज रोज डबं घेऊन येऊ नगंस. तुला बघितलं की मला माझं काम आठवतंय, आणि मग राग येतोय. तुझा न्हाय, पर येतोय."

मेहमुदा उठली. डबा तिथंच ठेवावा की परत न्यावा, तिला कळेना. उंबऱ्याशी पोचली तेव्हा मागनं शालूबाईंचा आवाज आला.

"ठेव त्यो डबा. आणि पुढच्या आयतवारी ये. तवर जाईल राग."