हळदीच्या दिवशी क्वार्क

उर्वशीची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा नेमकी भावाच्या हळदीच्या दिवशी आली. तारीख आधीच एकदा बदललेली. पुन्हा बदलून मागायची म्हणजे परीक्षकबाई निवृत्त व्हायची वाट बघणं. म्हणून ती पुण्याहून गावी, लाखांदूरला आली आणि धानाच्या खोलीत, पोत्यांवर लॅपटॉप ठेवून ऑनलाइन परीक्षेला बसली. दाराशी मोठी आई, म्हणजे थोरली काकू बायजाबाई, पहाऱ्याला.

प्रबंधाचं नाव गाइडने ठेवलं होतं: 'क्वार्क-बंधनाची संपूर्ण उकल'. त्यांनी बजावलंही होतं, "अवघड प्रश्न आला तर 'काम चालू आहे' म्हण." सर स्वतः गेली बारा वर्षं हेच म्हणत होते.

परीक्षकबाईंनी चष्मा वर सरकवला. "सुपरसिमेट्री निसर्गात अजून कुणाला सापडलेली नाही. मग तुम्ही नेमकं काय केलंत?"

"प्रोटॉनच्या आतले क्वार्क एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की खरी समीकरणं सुटतच नाहीत," उर्वशी म्हणाली. "म्हणून मी एक काल्पनिक जग घेते. तिथे सुपरसिमेट्री असते, म्हणजे प्रत्येक कणाला जोडीदार असतो. जोडीदारांमुळे हिशेबातल्या बऱ्याच कटकटी परस्पर कटतात आणि उत्तर निघतं. मग जोडीदारांना हळूहळू जड करत जाते. ते फार जड झाले की खेळातून बाद होतात, आणि उरतं ते आपलं जग."

"आणि जड करता करता मध्येच सगळं एकदम पालटलं तर?"

गाइडने स्क्रीनवरून डोळे वटारले. तेवढ्यात दार उघडलं आणि बायजाबाईंचा पिवळा हात आत आला.

"मोठी आई, काय करून राहिली? परीक्षा सुरू आहे!"

"तं दे ना परीक्षा. मी का तोंडाले लावून राहिली? गालालेच तं लावतो."

दोन्ही गाल माखून बायजाबाई बाहेर गेल्या. परीक्षकबाई काहीच झालं नसल्यासारख्या थांबून होत्या. एवढ्या पिवळ्या तोंडाने थापा मारायची उर्वशीला लाज वाटली.

"माहीत नाही, मॅडम," ती म्हणाली. "जोडीदार थोडेसे जड केले तर क्वार्क बांधलेलेच राहतात, एवढं मी दाखवलंय. त्यापुढे आपल्या जगापर्यंत वाट सरळ जाते की मध्ये तुटते, ते मला सांगता येत नाही. 'संपूर्ण उकल' हे जरा जास्तच झालं."

गाइडचा कॅमेरा बंद झाला.

"जरा नाही, बरंच," बाई म्हणाल्या. "पण जेवढं दाखवलंय, तेवढं पक्कं आहे. नाव बदला आणि पदवी घ्या."

उर्वशी बाहेर आली. अंगणात मामा भुपेंद्र मांडवाची दोरी आवळत होते.

"काय झालं वं? पास झाली का?"

"झाली मामा. फक्त नाव बदलायला सांगितलं."

बायजाबाईंचा हात हळदीच्या वाटीतच थबकला. "लगन झालं नाही अन् नाव काहून बदलाचं? कोण आहे थो मास्तर? लाव त्याले फोन!"

उर्वशीने खरंच गाइडचा नंबर लावला आणि फोन मोठ्या आईच्या हातात दिला.