ओळखभेटीची खुर्ची

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणावर माझ्यावर बसायची वेळ येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. हात नाहीत, पाठ सरळ, बैठक जरा अरुंद. दिसायला वाईट नाही, पण लोक मला घाबरतात. आणि खरं सांगायचं तर लोकांपेक्षा मीच जास्त घाबरलेली असते.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. एका दंतवैद्याच्या बायकोने जेवणाच्या टेबलासाठी सहा खुर्च्या करून घेतल्या, त्यांतली मी शेवटची. सुताराला तोवर कंटाळा आला असावा. माझ्या मागच्या डाव्या पायाचा सांधा त्याने घाईत ठोकला. जेवणाच्या टेबलाशी त्यामुळे कधी काही बिघडलं नाही. पुढे दंतवैद्यांनी बिऱ्हाड हलवलं, टेम्पो भरला आणि माझ्या पाच बहिणींना घेऊन निघून गेला. मी जिन्याखाली राहिले. तिथून मला जिन्यालगतच्या सोसायटीच्या कार्यालयात घेतलं. घेताना मला कुणी एकही प्रश्न विचारला नाही, हे इथे मुद्दाम नोंदवते, कारण त्या इमारतीत तसं आत आलेली मी एकटीच.

बाकी सर्वांसाठी नियम होता. काही समविचारी मंडळींनी एकत्र येऊन ही तीन मजली, बिनलिफ्टची इमारत बांधली होती. समविचार टिकावा म्हणून त्यांनी ठरवलं, की घर विकत घ्या नाहीतर भाड्याने, आत येणारा माणूस समितीच्या डोळ्याखालून गेला पाहिजे. त्याला मुलाखत म्हणायचं नाही. मुलाखत म्हटलं की माणूस नापास होऊ शकतो. म्हणून त्याचं नाव ओळखभेट. समितीचे तिघे गाद्यांच्या खुर्च्यांत बसायचे आणि ज्याची ओळख करून घ्यायची, तो माझ्यावर.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त शाळा तपासनीस. त्यांना सगळे साहेब म्हणत. सचिव विमा विकायचे, त्यामुळे कुठल्याही माणसाकडे बघून त्यांना आधी अपघात आठवायचा. खजिनदार होत्या शिवणाचे क्लास घेणाऱ्या काकू. त्या बहुतेक वेळ गप्प बसून उमेदवाराच्या कपड्यांची शिलाई बघत.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग माझ्या जागेवर दुपारचं ऊन येऊ लागलं. तो डावा सांधा वाळला आणि भार डावीकडे पडला की कुरकुरू लागला. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "मी अगदी शांत माणूस. घरात आवाज म्हणून नाही." आणि म्हणता म्हणता ते डावीकडे कलले. कर्रर्र!

समितीने काही कारण काढून त्यांना नाही म्हटलं. पुढे बातमी आली, की ते दुसरीकडे राहायला गेले आणि तिथे रोज गाण्यांचा धिंगाणा घालतात. झालं. त्या दिवसापासून साहेब म्हणू लागले, "खुर्ची बोलली होती."

मित्रांनो, मी बोलले नव्हते. मी वाळले होते. पण शहाण्या माणसांना एकदा एखादी गोष्ट पटली, की लाकडाचं कोण ऐकतो? पुढे प्रश्न विचारून झाले, की तिघे उत्तराऐवजी माझ्या पायाकडे कान लावून बसायचे. सिमेंटच्या गोणीसारखा एक माणूस आला. बसला तो जाईपर्यंत तसूभर हलला नाही. त्याला हसत आत घेतलं. महिन्याभरात त्याने घराचं गोदाम केलं आणि जिन्यात खोकी रचली. "खुर्चीने फसवलं म्हणायचं का?" काकूंनी विचारलं. साहेब म्हणाले, "छे! गोदामाबद्दल आपण त्याला विचारलंच कुठे?"

एक तरुण जोडपं मात्र मला विसरता येत नाही. मुलीला दिवस गेले होते, पाठ दुखत होती, ती सारखी जागा बदलत होती. "आम्ही दोघंच असतो," ती म्हणाली आणि मी कुरकुरले. नकार मिळाल्यावर जिन्याशी थांबून ती नवऱ्याला म्हणाली, "मी काही चुकीचं बोलले का रे?" तेव्हापासून दारात कुणाची चप्पल वाजली, की माझे चारही पाय बधिर होतात.

अशात कंडक्टर आले. निवृत्त बस कंडक्टर. सोबत त्यांची लेक, ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला. तळमजल्यावरचं घर रिकामं होतं आणि ते त्यांना भाड्याने हवं होतं. ती दोघं दुसऱ्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत. वडिलांच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून ते स्वतःच्या पायांनी खाली उतरले नव्हते. त्या दिवशीसुद्धा शेजाऱ्यांनी उचलून खाली आणलं होतं. रोज सपाट जागेवर चालले नाहीत, तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि घरमालक रविवारपर्यंतच थांबणार होता, पुढे दुसरं गिऱ्हाईक. हे सगळं लेकीने दारातच एका दमात सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "ते ठीक आहे. आधी ओळख तर होऊ दे. बसा."

कंडक्टर काठी टेकत माझ्यावर बसले. उजवीकडे दुखत होतं, म्हणून सगळा भार डावीकडे. बरोबर त्या सांध्यावर. मी श्वास रोखून धरला, खुर्चीला रोखता येतो तेवढा.

"नाव?"

त्यांनी नाव सांगितलं. कर्रर्र.

सचिवांनी मान वर केली.

"काम काय करत होता?"

"बसवर कंडक्टर होतो." कर्रर्र.

"घरी कोण कोण?"

"मी आणि ही. आणखी कोण असणार?" कुर्रर्र.

साहेबांनी चष्मा काढला. "आजोबा, तुम्ही नक्की आहात तरी कोण?"

"म्हणजे?" कंडक्टर गोंधळले. मी अजून एकदा कुरकुरले. माझा इलाज नव्हता.

सचिवांनी आवाज खाली आणून लेकीला माझी ख्याती सांगितली. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, त्यांचा खुबा गेलाय! ते डावीकडे टेकून बसतात. उजवीकडे बसले, तर खुर्चीच्या आधी बाबाच ओरडतील."

"हे बघा ताई, आम्ही कुणावर आरोप करत नाही," साहेब म्हणाले. "पण स्वतःचं नाव सांगताना..."

"साहेब," इतका वेळ गप्प असलेल्या काकू म्हणाल्या, "तुम्ही एकदा बसून बघा ना."

 तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत या तिघांपैकी एकही जण माझ्यावर कधी बसला नव्हता.

"माझा प्रश्नच कुठे येतो?" साहेब म्हणाले.

"मग सचिव, तुम्ही?"

"मी आत्ताच जेवून आलोय हो."

काकूंनी कंडक्टरांना हात देऊन उठवलं, आपल्या गादीच्या खुर्चीत बसवलं आणि पदर सावरून माझ्यावर बसल्या. स्वतःचं नाव मोठ्याने सांगितलं आणि डावीकडे कलल्या. कर्रर्र.

"घ्या," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा मी नाही."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मला वाटलं, आता त्यांना ते तरुण जोडपं आठवेल. ते म्हणाले, "याचा अर्थ खुर्ची आज बिघडलेली दिसते."

"आज!" काकू म्हणाल्या. पण बापलेकीची तोंडं बघून त्यांनी पुढचं गिळलं. आजच बिघडली म्हटल्यावर आधीचे सगळे निकाल सुखरूप राहत होते आणि कंडक्टरांना घरही मिळत होतं. घर मिळालं, पण अट घालून. पहिलं एक वर्ष समितीची नजर राहील, तक्रार आली तर महिन्याभरात जागा सोडायची.

मला पुन्हा जिन्याखाली टाकलं. तिथून कंडक्टरांनीच मागून नेलं. त्यांनी माझ्या सांध्यात गोंद भरला, सुतळीने आवळून बांधलं, दोन दिवस उन्हापासून लांब ठेवलं. माझं कुरकुरणं गेलं ते गेलंच. मग ते माझी पाठ दोन्ही हातांनी धरून, मला पुढे ढकलत अंगणात चालायचे. आधी दारापासून फाटकापर्यंत, मग इमारतीला वळसा. दमले की माझ्यावरच बसायचे. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले महिने. त्या काळात माझ्यावर बसलेल्या माणसाला कुणी काही विचारलं नाही.

पुढे काकू मुलाकडे राहायला गेल्या. समितीत जागा झाली. "कंडक्टर तळमजल्यावरच असतात, आयतेच सापडतात," असं म्हणून साहेबांनी त्यांना बोलावलं. कंडक्टर खूश झाले. इस्त्रीचा शर्ट घातला आणि मोठ्या उत्साहाने मलाही परत कार्यालयात घेऊन गेले. "ठणठणीत केलीये," एवढंच म्हणाले. मला सांगायचं होतं, की बाबा रे, मला नको नेऊस. पण माझा आवाज त्यांनीच तर बुजवला होता.

काल संध्याकाळी केस कापायचं काम करणारी एक बाई आली. नवऱ्यापासून वेगळी झालेली, बहिणीच्या घरी किती दिवस राहायचं म्हणून दुसऱ्या मजल्यावरची खोली बघायला आलेली. तिने माझ्या बैठकीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिचे तळवे ओले होते. साहेबांनी विचारलं, नवरा का सोडला, केस कापायला पुरुषही येतात का, परत यायला उशीर होतो का. ती प्रत्येक उत्तराला डावीकडे, उजवीकडे, पुढे सरकत होती. मी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, सुटली बिचारी.

ती गेल्यावर साहेब म्हणाले, "एकदाही नाही बोलली खुर्ची."

"मग चांगलंच ना?" सचिव म्हणाले.

"इतक्या प्रश्नांना एकदाही नाही? बाई सराईत दिसते. उद्या दुपारी नकार कळवू."

मी कंडक्टरांकडे बघत होते. माझा आवाज गोंदाने बुजलाय, ते त्या खोलीत एकट्या त्यांना ठाऊक होतं. त्यांनी काठी हातात फिरवली. घसा खाकरला. त्यांचं वर्ष अजून पुरं व्हायचं होतं. ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तर असेल."

लेक त्यांना न्यायला आली, तेव्हा बाकीचे निघून गेले होते.

"काय झालं हो त्या बाईचं?"

"नाही म्हणतायत."

"ते म्हणतायत. तुम्ही काय म्हणालात?"

"आपलं अजून पक्कं नाही, बेटा. उगाच कशाला..."

"जन्मभर लोकांना 'आत सरका, जागा आहे' म्हणत आलात ना बाबा?" ती एवढंच बोलली आणि दिवा घालवून गेली. ते अंधारात माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

मित्रांनो, आज सकाळी कंडक्टर बाहेर पडले ते अंगणात गेले नाहीत. ते जिन्याकडे वळले. साहेब राहतात तिसऱ्या मजल्यावर आणि ऑपरेशनपासून कंडक्टरांनी एकही जिना चढलेला नाही. आता मला जिन्यातून काठीचा आवाज ऐकू येतो आहे. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. लेक कामावर गेली आहे, धरायला कुणी नाही. पाय घसरला तर? साहेब चिडले आणि वर्षाची अट काढून बसले तर? वर पोचल्यावर धीरच सुटला आणि नुसतं पाणी पिऊन परत आले तर? अजून साहेबांची बेल वाजलेली नाही.

मी खालीच बसून आहे, दुसरं काय करू शकते? तुम्हाला मात्र एक करता येईल. घरातली एखादी खुर्ची कुरकुरली, तर तिला उलटी करून सांधा बघा, थोडा गोंद भरा. आणि कधी कुणाला समोर बसवून तुम्ही पारखायला लागलात, तर आधी त्याच्या जागेवर स्वतः बसून या. डावीकडे कलून बसा.

टक.

आता ते दुसऱ्या मजल्यावर, त्या रिकाम्या खोलीच्या दाराशी थांबले असावेत.