आईची उंची

कालिपाने फोन खिडकीच्या कट्ट्यावर उभा करून साखरेच्या डब्याला टेकवला. आतबाशी गावातल्या त्या घरात रेंज यायची ती तेवढ्या वीतभर जागेतच. मग ती समोर स्टुलावर ताठ बसली आणि पलीकडचा माणूस डोंगराच्या दुसऱ्या अंगाला उभा असल्यासारखी ओरडली,

“डॉक्टर! मी जिबेकची आई बोलतेय!”

“ओरडू नका हो, येतंय ऐकू,” फोनमधून दमलेला आवाज आला. “लवकर सांगा. मागे अजून वीस जण आहेत.”

तिची लेक बुरुल शेगडीजवळच्या पाटावर शेवयांची कणीक मळत होती. जिबेक उंबऱ्यावर बसून वाळल्या दह्याची गोळी चघळत होती. जुलै महिना होता. मार्चपासून साथीमुळे शाळा बंद होती. शाळेतली नर्स दर वसंतात पोरांना भिंतीशी उभं करून मोजायची, ती या वर्षी आलीच नव्हती. दवाखान्यांत तापाखेरीज दुसऱ्या दुखण्याला दार नव्हतं. पण कालिपा जन्मभर लोकरीचे गालिचे करणारी बाई. नक्षी कापताना तिला पट्टी लागत नसे, बोटभराचा फरक तिच्या नजरेला कळे. दोन वर्षांपूर्वी शिवलेली बंडी जिबेकला अजून होते आणि दोन वर्षांनी धाकटी शेजारची पोर तिच्याहून वर गेली आहे, हे तिने कधीच हेरलं होतं. आठ दिवस खटपट करून तिने बिश्केकच्या या डॉक्टरांचा नंबर मिळवला होता.

“वय?”

“आठ.”

“उंची?”

“एकशे बारा. कालच भिंतीशी उभी करून मोजली.”

“खाते-पिते नीट?”

“माझ्या ताटातलंसुद्धा सोडत नाही.”

“आपा, खोटं!” उंबऱ्यावरून जिबेक ओरडली.

“तू गप! डॉक्टर, तुम्ही बोला.”

“आईची उंची?”

“माझी होय?” कालिपा हसली. “एकशे सत्तेचाळीस. पासपोर्टच्या फोटोला मला पाटावर उभं केलं होतं.”

“मग झालं तर! एवढीशी आई, लेक काय पॉपलरच्या झाडाएवढी होणार? वडील?”

“वारले.”

“बरं. घराण्यातच ठेंगणेपणा आहे, असं कार्डावर लिहितो. साथ ओसरली की घेऊन या, तेव्हा बघू.”

बुरुलचे हात कणकेत थांबले.

बुरुल अंगाने उंच होती, एवढी की त्या घराच्या दारातून तिला वाकून यावं लागे. आठ वर्षांपूर्वी मोडलेल्या संसारातून ती चाळीस दिवसांची पोर घेऊन याच दारातून आत आली होती. कालिपाने पोर तिच्या मांडीवरून उचलली आणि म्हणाली होती, “तुझं अख्खं आयुष्य पडलंय. काम शीक, पुन्हा लग्न कर. ही माझी.” पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, यात त्या गावात कुणाला नवल नव्हतं. कागद झाला नाही, रडारडही झाली नाही. जिबेक बोलायला लागली ती कालिपाला आपा म्हणजे आई आणि बुरुलला एजे म्हणजे ताई म्हणतच. बुरुल बिश्केकला शिवणाच्या कारखान्यात लागली. तिथून वयाच्या अंदाजाने जिबेकला फ्रॉक शिवून पाठवायची. ते नेहमी मोठे व्हायचे आणि कालिपा ते आखडून घ्यायची. साथीत कारखाना बंद पडला, तेव्हापासून ती आठ वर्षांत पहिल्यांदाच सलग चार महिने या घरात राहत होती.

कालिपा खोटं बोलली नव्हती. डॉक्टरांनी आईची उंची विचारली, तिने आपली सांगितली; वडील विचारले, तिने आपल्या नवऱ्याचं सांगितलं. बुरुल खिडकीपाशी जाऊन चार शब्द बोलली असती तरी पुरलं असतं. तिने कणकेवर ओलं फडकं टाकलं आणि हात धुतले.

शेवया शिजल्यावर तिने वरच्या फळीवरचं मोठं ताट स्टूल न घेता काढलं. कालिपा कांदा चिरत तिच्याकडे बघत राहिली.

“तू बापावर गेलीस,” ती म्हणाली.

बुरुलने ताट पुसलं.

“उद्या पुन्हा लावू या का फोन? तूच बोल, हवं तर.”

“कशाला, आपा? डॉक्टर म्हणाले ना. लोक श्वासाला महाग झालेत आणि आपण उंचीचं काय घेऊन बसलोय!”

कालिपाने सुरी थांबवून तिच्याकडे पाहिलं.

“बरं,” ती म्हणाली आणि उरलेला कांदा चिरला. मग जिबेककडे वळून, “काय गं, माझ्या ताटातलं खात नाहीस होय तू? बघतेच आज!” म्हणत तिने पोरीला पोट धरधरून हसवलं.

तो घरातला शेवटचा धड दिवस. दुसऱ्या सकाळी कालिपाला ताप होता. गावात प्राणवायूची तीन यंत्रं होती आणि तिन्ही दुसऱ्यांच्या उशाशी. सहाव्या दिवशी पुतण्याने गाडी आणली. मागच्या सीटवर तिला उशांच्या आधाराने बसवत असताना तिने बुरुलची बाही धरली.

“दवाखाने उघडले की पोरीला घेऊन जा. तू जा. तू.”

तापात बोलतेय, असं बुरुलला वाटलं. दोन दिवसांनी नारिनच्या इस्पितळातून फोन आला.

अंगणात शोकाचा तंबू उभा राहिला, पण माणसं मोजकीच आली, तीही तोंडं बांधून. रीतीप्रमाणे बुरुल आत भिंतीकडे तोंड करून बसली. बाया विलाप गात होत्या, लेकीने त्यात आपला सूर लावायचा असतो. तिचा आवाज फुटला नाही. शेजारी जिबेकही तशीच भिंतीकडे तोंड करून बसली होती.

“कालिपाच्या दोन्ही लेकी पोरक्या झाल्या गं,” मागून कुणीतरी म्हणालं.

जिबेक बुरुलकडे सरकली आणि कुजबुजली, “एजे, आता मी कुणाची?”

गावात अशी गोष्ट पोरांपासून लपत नाही. जिबेकला शाळेत कुणी ना कुणी सांगितलंच असणार. तिने आजवर कधी विचारलं मात्र नव्हतं.

“आपण दोघी इथेच राहायचं,” बुरुल म्हणाली.

जिबेक मान हलवून पुन्हा भिंतीकडे बघू लागली.

बर्फ पडलं, वितळलं. एप्रिलमध्ये दवाखाने उघडल्याचं कळताच बुरुलने जिबेकला घेऊन बिश्केक गाठलं. फोनवरचे डॉक्टर आता तिथे नव्हते. त्यांच्या जागी चष्मा लावलेल्या एक पोक्त बाई होत्या, पण कार्ड तेच होतं. त्यांनी जिबेकला भिंतीवरच्या मोजपट्टीखाली उभं केलं, सरकती दांडी डोक्यावर टेकवली.

“एकशे बारा आणि अर्धा. जुलैत किती होती?”

“एकशे बारा.”

“नऊ महिन्यांत अर्धा सेंटिमीटर?” डॉक्टरबाईंनी चष्मा वर केला. “कुणी मोजली होती?”

“आपाने. घरी.”

“घरचं माप.” त्या खुर्चीत बसल्या. “त्यावर मला काही ठरवता येत नाही, बाई. दोन बोटं इकडचीतिकडची होतात.”

“तिचं माप चुकत नसे.”

“असेल.” त्यांनी कार्ड उलटलं. “हे बघा. वर्षभर इथे कुणी फिरकू शकलं नाही, आता सगळे एकदम आलेत. वाढीचं हार्मोन तपासायचं तर पोराला अख्खा दिवस ठेवून घ्यावं लागतं, यादी लांबलीय. ज्यांचं थांबणं बरं नाही, त्यांना मी आधी घेते. हाडांची वाढती टोकं मिटली की औषधाचा उपयोग राहत नाही. पण हिचं इथे स्पष्ट लिहिलंय, आई एकशे सत्तेचाळीस. अशा घरातली पोर ठेंगणीच असायची. सहा महिन्यांनी आणा, मी स्वतः मोजेन.”

“सहा महिने?”

“आई का नाही आली? तिलाही बघितलं असतं. तुम्ही कोण हिच्या?”

“माझी एजे,” जिबेकच म्हणाली. “आपा वारली.”

 डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, “ईश्वर तिला शांती देवो. तर कार्डावरचं आहे तसंच ठेवते मी.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

बुरुल उठली. तिने वाकून एक बूट काढला, मग दुसरा. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ती मोजपट्टीपाशी गेली आणि टाचा भिंतीला टेकवून उभी राहिली.

“बहिणीचं माप नको मला,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“घ्या.”

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. दांडी टेकवायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. जिबेक बुरुलचे बूट दोन्ही हातांनी छातीशी धरून जवळ आली आणि मान वर करून आकडा वाचू लागली.

“एकशे... एकाहत्तर! एजे, तू केवढी आहेस!”

भिंतीपासून पाठ न काढता बुरुलने खाली पाहिलं. जिबेकच्या अंगातली बंडी कालिपाच्या हातची होती, तिसऱ्या वर्षीही अंगासरशी बसलेली.

“कार्डावरचा तो आकडा खोडा, डॉक्टर,” ती म्हणाली.  मग जिबेकच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सावकाश ठेवत म्हणाली,

“लिहा. आईची उंची, एकशे एकाहत्तर.”