चाळीचे नाक

मी एक जुनी चाळ आहे. मित्रांनो, चाळ म्हटल्यावर जिने, गॅलऱ्या आणि भांडखोर बिऱ्हाडकरू आठवले असतील, तर जरा थांबा. माझे बिऱ्हाडकरू म्हणजे कांदे. बांबूच्या पट्ट्यांच्या भिंती, त्यांतून खेळणारा वारा आणि आढ्याला टांगलेल्या लसणाच्या जुड्या, एवढाच माझा संसार.

मला बांधले तेव्हा सगळे बघायला आले. "हवेशीर झाली हो," असे खुद्द सुतार म्हणाला आणि मी फुगून गेले. पण पहिल्यापासून मला एकच भीती, सडीची. एक कांदा नासला की त्याचे पाणी खालच्यावर टिपकते आणि बघता बघता सगळी रास जाते. मला कळते, पण बोलता येत नाही.

बोलायचे काम घरच्या आजीचे. रोज सकाळी दारात उभी राहून ती खोल श्वास घ्यायची आणि नासका कांदा कुठल्या कोपऱ्यात आहे ते सांगायची. घरात तिला 'नाक'च म्हणत. नाकाने सांगितले की विषय संपला.

यंदा आजी तापातून उठून आली, तेव्हा बियाण्यासाठी राखलेल्या कांद्यांना सड लागली होती. आजीने श्वास घेतला. "ठीक आहे," म्हणाली. माझा थरकाप उडाला. दुसऱ्या दिवशीही तेच. पाणी टिपकत होते, चिलटे घोंगावत होती आणि आजी "ठीक आहे" म्हणून परत जात होती. चौकटीवरचा तिचा हात मात्र थरथरायचा. तीही घाबरली होती.

मग एकदा सून बरोबर आली आणि दारातच नाक दाबून थांबली.

"आई, आत काहीतरी मेलंय."

आजी मटकन खाली बसली. "माझं नाक गेलं गं."

"कोण काय बोललं तुम्हाला?"

"अब्रूचं नाही गं, हे नाक. तापानंतर कसलाच वास येत नाही. सांगितलं असतं, तर मला कोण विचारणार होतं?"

सुनेने तिला हाताला धरून आत आणले आणि तो हात राशीवर ठेवला. "वास मी घेते. मऊ कुठला, ते तुम्ही सांगा."

निम्मे बियाणे गेले, निम्मे वाचले. आता रोज दोघी येतात. तरी दार उघडेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो.

मित्रांनो, कांद्याची पातीकडची मान वाळल्याशिवाय तो माझ्यात भरू नका. माझा वारा अडवू नका. आणि दारात कोणी "ठीक आहे" म्हणाले, तर त्याचा हात थरथरतो का, तेवढे पाहा.