तीनशे यार्डांची हद्द

दिगंबर आपट्यांनी उभ्या आयुष्यात मांसाला हात लावला नव्हता. अमेरिकेत, प्लेनो शहरातल्या एका कंपनीत तीस वर्षं धातूंच्या चाचण्या करून ते निवृत्त झाले होते. मुलीनं, नैनानं, शिकारीचं लायसन्स काढलं तेव्हाही त्यांनी तिला अडवलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात ती कोलोरॅडोच्या शिकारीहून रिकाम्या हातानं परतली. घोड्याएवढ्या एल्क हरणाच्या खांद्यात तिची गोळी लागली होती. दोन दिवस रक्ताचा माग काढला, तरी एल्क सापडला नाही.

"नेम चुकला?"

"नाही बाबा. हाडावर बुलेटचे तुकडे झाले असणार. दुकानात होती ती घेतली मी. शिशाची, वर तांब्याचं पातळ कव्हर."

यंदा ऑगस्टमध्ये दिगंबर स्वतःच तिच्यासोबत एका ओळखीच्या रँचवर गेले. गोळ्या अडवून धरायला जुने पेपर भिजवून त्यांनी गठ्ठे बांधले होते आणि पुढे लावायला खाटकाकडून बैलाचं हाड आणलं होतं, तेही हातमोजे घालून. नैनाची रायफल मध्यम बोअरची, काडतूस आखूड, म्हणजे दारू कमी आणि गोळीचा वेगही बेताचा. तिनं तीन जातींच्या गोळ्या झाडल्या. पहिलीचा चुरा झाला. दुसरीत शिसं कव्हरला जोडलेलं होतं, तिचा पाव भाग गेला. तिसरी अख्खी तांब्याची. ती फुलासारखी उमलली आणि वजन जवळजवळ तेवढंच राहिलं.

"मग ही कॉपरवालीच, ना?"

"थांब. तांबं कडक. उमलायला वेग लागतो. लांब गेल्यावर वेग पडला, की नुसतं भोक पाडून निघून जाईल. तुझ्या रायफलीतून तीनशे यार्ड. पुढे नाही."

"तिथे चारशेचे शॉट्स घेतात लोक."

"मग ती दुसरी घे. शिसं मऊ, ती लांबवरही उमलते."

आठवडाभर विचार करून तिनं तांब्याचीच घेतली.

ऑक्टोबरात, सीझन संपला त्या दुपारी तिचा फोन आला. दिगंबर वरण फोडणीला टाकत होते.

"काल एक दिसला, बाबा. दरीपलीकडे, तीनशे सत्तरवर. आडवा उभा, वाराही नव्हता. मी सेफ्टी काढली होती, चाप ओढायचाच बाकी."

"मग?"

"परत लावली. चरत चरत गेला. आज काहीच दिसलं नाही."

"दुसरी बुलेट असती तर?"

"मारला असता, बहुतेक."

मुलगी आपल्यामुळे रिकाम्या हातानं येतेय याचं त्यांना वाईट वाटलं. एक जनावर जिवंत राहिलं म्हणून आपल्याला वाईट वाटावं, याचं त्यांना नवलही वाटलं.

"पुढच्या वर्षी अजून जवळ जायला शिकते," नैना म्हणाली.

"जवळ कसं जातात?"

ती वाऱ्याच्या दिशेबद्दल सांगू लागली. त्यांनी गॅस बंद केला आणि ते खुर्ची ओढून ऐकत बसले.