सर्कलवरचा रविवार

जारवाल्याच्या घरात रविवारचा एक कायदा होता. आठवडाभर हा माणूस अंधारात टेम्पो काढायचा, दुकानादुकानांत पाण्याचे जार पोचवायचा आणि पोरं झोपल्यावर घरी यायचा. पोरांचे चेहरे बघायचे तर रविवारीच. म्हणून त्यानं पाळ्या लावल्या. दर रविवारी एकाची पाळी. ज्याची पाळी त्यानं जागा ठरवायची, बाकीच्यांनी तोंड मिटून यायचं. आणि हेही त्यानंच छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं की ज्या दिवशी कुणी दुसऱ्याच्या जागेला नाही म्हणेल, त्या दिवशी कायदा संपला. मग ज्यानं त्यानं आपापला रविवार सांभाळावा.

बायको इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करायची. तिची पाळी आली की सगळ्यांनी तळ्यावर जायचं आणि पाण्यात पाय सोडून बसायचं. बोलायचं नाही. धाकटा बारक्या, वय अकरा, त्याला अग्निशामकवाल्यांच्या गाड्या धुताना बघायच्या असायच्या. स्वतः जारवाला जुन्या पुलावर गळ टाकून बसायचा. त्याच्या गळाला आजवर मासा लागलेला कुणी बघितला नव्हता, पण तो विषय घरात काढायचा नाही असं ठरलेलं होतं.

राहिली मोठी. पंधरा पूर्ण. तिला हे सगळं नको झालं होतं. टेम्पोच्या मागे, रिकाम्या जारांमध्ये बसून गावभर फिरायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मागच्या दोन पाळ्या तिनं डोकं दुखतंय म्हणून घालवल्या होत्या. तिसऱ्यांदा मात्र ती ताठ मानेनं स्वयंपाकघरात आली.

"ठरली माझी जागा. मोठ्या चौकातलं सर्कल."

"कुठलं सर्कल?" जारवाल्यानं विचारलं.

"तेच. मधला गवताचा गोल. ज्याच्या भोवतीनं गाड्या फिरतात. तिथे बसायचं, डबा खायचा."

बायकोचा चमचा हातातच राहिला. "अगं, डोकं फिरलंय का तुझं? तिथे कावळासुद्धा बसत नाही!"

मोठी आईकडे बघतच नव्हती. ती बापाच्या तोंडाकडे डोळे लावून उभी होती, कधी एकदा हा नाही म्हणतोय म्हणून. जारवाल्याला तिचा डाव समजला. असल्या डावात तो मुरलेला होता, अर्धा हट्ट तर तिनं त्याच्याकडूनच घेतला होता. त्यानं चहाचा घोट घेतला, मिशी पुसली.

"छान. मोकळी हवा आहे. अंडी उकडायला ठेव गं."

मोठीचा चेहरा पडला. पण माघार घेईल ती त्याची पोरगी कसली!

चारच्या सुमाराला त्यांनी टेम्पो गल्लीत लावला. बापाच्या काखेत चादर, आईच्या हातात थर्मास, बारक्याकडे पाव आणि अंड्यांचा डबा. मोठी ओढणीनं तोंड झाकून, चार हात मागे, ही माणसं कोण हे आपल्याला माहीतच नाही अशी. रस्ता ओलांडायचा म्हणजे जिवाशी खेळ. अर्ध्यात आईची चप्पल निसटली आणि एका गाडीखालून सुखरूप बाहेर आली. जारवाला परत फिरला, हात आडवा करून गाड्या थोपवल्या, चप्पल उचलली. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ.

"वाजवा, वाजवा!" तो ओरडला. "माझ्या सासूनं दिली होती का ही चप्पल, तुमच्यासाठी सोडायला!"

"अहो, काय बोलताय काय!" बायको हसून बेजार झाली.

चादर पसरली. बसले. आणि तेव्हा मोठीच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. बापाची फजिती करायला निघाली होती, पण सगळ्या गावाला दिसेल अशी एकच जागा होती आणि ती तिनं स्वतः निवडली होती! बसमधली माणसं खिडकीतून माना काढून बघत होती. शाळेतलं कुणी दिसलं तर? तिनं गुडघ्यात डोकं खुपसलं.

"ताई, आम्ही मजेत आहोत हां," बारक्या पाव चावत म्हणाला.

"मरा."

बारक्याला मात्र तिथे खेळ सापडला. गाडी आली की ती कुठल्या रस्त्याला वळणार ते आधीच सांगायचं. बापाचे अंदाज सगळे चुकत होते. बायकोचा एकही नाही.

"तुला कसं कळतं गं?"

"मान बघायची. ज्याला कुठे जायचंय ते माहीत आहे त्याची मान आधीच वळते. तुमची कधी वळत नाही, म्हणून आपण हरवतो."

तेवढ्यात एक निळी गाडी आली. आत नवराबायको कडाकडा भांडत होते. गाडी गोल फिरली, परत आली, परत फिरली. तिसऱ्या खेपेला गुडघ्यांतून आवाज आला.

"सुटत नाहीत हे. बाईला डावीकडे जायचंय, तो ऐकत नाहीये."

गाडी चौथ्यांदा आली आणि डावीकडे वळली. "बघा!" मोठी ओरडली, आणि ओढणी मानेवर कधी घसरली ते तिला कळलंही नाही. मग ती आईशी पैजा मारायला लागली. एक अंडं खाल्लं, दुसरंही खाल्लं. जारवाल्याला ते दिसलं, पण तो मुद्दाम भलतीकडे बघत राहिला. बघितलं असतं तर पुन्हा कोषात गेली असती ती.

आणि शिट्टी वाजली.

वाहतूक पोलीस रस्ता ओलांडून आला. पोट पुढे, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, बिचारा सकाळपासून उभा असणार. "उठा, उठा! हे काय बसायचं ठिकाण आहे? घर नाही का तुम्हाला?"

जारवाल्याचा हात चादरीकडे गेला. मग थांबला. त्यानं मोठीकडे बघितलं. तिला हवं होतं ते आता आयतं चालून आलं होतं. उठलो की पाळी मोडली, कायदा संपला, ती सुटली. पण तो म्हणाला, "साहेब, आज पाळी हिची आहे. आम्ही सगळे हिच्या हाताखाली. हिला विचारा."

"हिला? ए पोरी, चल, ऊठ."

मोठी उठली नाही. ओढणी सारखी केली आणि मांडी घालून नीट बसली.

"का उठायचं, काका?"

"का म्हणजे? इथे कुणी बसत नाही."

"मग कुठे बसतात ते सांगा. बागेत गेलं की वॉचमन म्हणतो झोपाळा लहान मुलांचा, निघा. दुकानात शिरलं की म्हणतात, घ्यायचं काही नसेल तर गर्दी करू नका. पुलाच्या कठड्यावर आम्ही पोरी बसलो की तुम्हीच येता, हीच शिट्टी घेऊन. घरात बसलं तर हे आमचे बाबा म्हणतात, घरात काय कोंबडीसारखी बसलीस. लहानांसाठी घसरगुंडी आहे, म्हाताऱ्यांसाठी बाकडी आहेत. पंधरा वर्षांच्या माणसानं जायचं कुठे?"

"ते मला काय विचारतेस? मी गाड्या बघतो."

"मग बघा ना गाड्या. आम्ही गाड्या आहोत का?"

बारक्या फिस्सकन हसला. आईनं त्याला चिमटा काढला, पण ती स्वतःच तोंडाला पदर लावून बसली होती.

पोलिसाचा आवाज चढला. "जास्त बोलतेस तू! कुणाला गाडी लागली म्हणजे?"

"आम्ही गोलाच्या मधोमध बसलोय. येताना रस्ता ओलांडणं वाईट होतं, ते कबूल. ते बरोबर नाही केलं आम्ही. जाताना तुम्ही गाड्या थांबवा, तुम्ही म्हणाल तसं जाऊ. पण आत्ता उठणार नाही. उचलून न्या हवं तर." तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. आवाज मात्र हलला नाही.

पोलिसानं जारवाल्याकडे बघितलं. "काय हो, तुम्ही बाप ना? बोला की काहीतरी."

"काय बोलू? मला आजवर तिनं एवढं एका दमात काही सांगितलंच नव्हतं. मीपण ऐकतोय."

पोलिसानं मान वळवली. मागे चौकात हॉर्नचा गोंधळ माजला होता. "अंधार पडायच्या आत उठायचं," तो शेवटी गुरगुरला. "आणि मी हात केल्याशिवाय रस्त्यात पाय टाकायचा नाही." बारक्यानं अंडं पुढे केलं. "ड्युटीवर आहे," म्हणाला, आणि घेऊन गेला.

घरी जाताना मोठी पुढच्या सीटवर येऊन बसली. जारवाल्याची छाती फुगली होती. "झकास! पुढच्या रविवारी बारक्याची पाळी."

"मी येणार नाही."

टेम्पो तसाच चालत राहिला. "डोकं दुखणार आहे?"

"नाही. डोकं चांगलं आहे. मला माझा रविवार पाहिजे, मैत्रिणींबरोबर. कायदा मोडत असेल तर मोडू दे. मीच मोडतेय, समोर सांगून."

त्यानं बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? हिला विचारा असं तुम्हीच म्हणालात ना मघाशी!"

जारवाल्यानं पुन्हा रस्त्याकडे बघितलं. आत राग होता, आणि रागाच्या खाली काहीतरी दुखत होतं. "अंधाराच्या आत घरी यायचं," एवढंच निघालं.

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू."

पुढच्या रविवारी तिघंच निघाले. बायकोनं सकाळीच फर्मावलं होतं, कायदा एकीनं मोडला, आमचे पाय मोडलेले नाहीत. अग्निशामकवाल्यांकडचा रस्ता मोठ्या चौकातूनच जात होता.

"बाबा! ताई!" बारक्या सीटवरून उडालाच.

गोलावर आठदहा पोरंपोरी बसली होती. चादरी, बाटल्या, कुणाची तरी गिटार. बाजूला तोच पोलीस, तोंडात शिट्टी, कपाळाला आठ्या. आणि त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी मोठी, तोंडाचा पट्टा सुटलेला. पोलिसाला टेम्पो दिसला. त्यानं हात आडवा करून गाड्या थांबवल्या आणि तरातरा खिडकीशी आला.

"बरं झालं आलात! ही तुमचीच ना? समजवा हिला. अख्खी पलटण घेऊन आलीय!"

मोठीनं मान वळवली. बापाशी नजरानजर झाली. मैत्रिणी बघत होत्या. तिचे डोळे सांगत होते, खबरदार. खाली उतरलात तर याद राखा.

जारवाल्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोण ही? मी ओळखत नाही, साहेब," तो म्हणाला आणि गियर टाकला. "पण म्हणतेय ते बरोबर आहे."